कॅमेरा घेऊन कोठे जावे?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीस दोन महिन्यांचा अवकाश असतानाच आमचे भाचे एका संध्याकाळी नव्या कॅमेऱ्याची पेटी खांद्याला अडकवून आणि हातात एक कागद घेऊन घरी हजर झाले. कागदावर नऊ स्थळांची यादी होती: लडाख, स्पिती, काशी, पुष्कर, जैसलमेर, हंपी, मेघालयातले सोहरा, केरळातले वर्कला आणि सर्वांच्या तळाशी, बहुधा माझे मन राखण्यासाठी, साताऱ्याचे कास पठार. "मामा, फोटोला यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?" असा सरळ प्रश्न त्याने टाकला, आणि मी विचारात पडलो आहे असे पाहून, मला साह्य व्हावे म्हणून, यादीतल्या एकेका स्थळाची निवडक छायाचित्रे तो मोबाइलवर दाखवू लागला. पँगाँगचे निळे पाणी झाले, काशीची होडी झाली, पुष्करच्या धुळीतून चाललेले उंट झाले. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की, जे आणण्यासाठी हा मुलगा हजारो रुपये खर्चून आठ दिवस बाहेर पडणार आहे, ते त्याच्या खिशात अगोदरच येऊन पडले आहे. यादीतले शेवटचे नाव तर त्याहून बोलके होते. कासची फुले श्रावण-भाद्रपदातली. दिवाळीत त्या पठारावर पिवळे पडलेले गवत आणि उघडा जांभा खडक याखेरीज फारसे काही शिल्लक नसते. परंतु छायाचित्र पाहून स्थळ ठरवणाऱ्याला छायाचित्रात तारीख कोठून दिसावी?

दोष त्या मुलाचा एकट्याचा नाही. कॅमेरा बाळगणाऱ्या आपल्या बहुसंख्य मंडळींचे प्रवास हल्ली याच रीतीने ठरतात: दुसऱ्याने काढलेले चित्र आवडते, ते कोठले याची चौकशी होते, तिकिटे काढली जातात, आणि तेथे पोहोचल्यावर तेच चित्र, त्याच कट्ट्यावर उभे राहून, किंचित वाकडे का होईना, आपल्या नावावर जमा केले जाते. याला कोणी हौस म्हणेल, आणि हौसेला मोल नसते हे मला मान्य आहे. पण याला स्थळाची निवड म्हणता येणार नाही. माझे मत असे की, छायाचित्रासाठी प्रवास करू इच्छिणाऱ्याने स्थळाचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्याआधी ऋतू ठरवावा, प्रहर ठरवावा, आणि मग असे स्थळ शोधावे की, जेथे वर्षातून चार वेळा जाणे आपल्या खिशाला आणि शिलकी रजेला झेपेल. आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. यात्रा एकदा केली की फिटते. वारी मात्र पुन्हा करावयाची असते म्हणूनच ती वारी. कॅमेरेवाल्याने वारकरी व्हावे, एवढेच मला सुचवावयाचे आहे. दुर्दैवाने खुद्द पंढरीच्या वारीतही तो यात्रेकरूच राहतो. ज्ञानोबांची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून दिवे घाटातून सासवडला चढते, त्या दिवशी घाटाच्या उतारावर तिपाया इतक्या दाटीने उभ्या असतात की, एकाची काच दुसऱ्याच्या कोपराला लागावी. आणि वळणावळणाने चढणारी ती पांढरी नागमोडी रांग दरसाल शेकडो कॅमेऱ्यांत तंतोतंत तशीच उतरते. पुढे तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते असे मुक्काम करीत पालखी जाते तेव्हा ही दाटी कोठल्या कोठे विरलेली असते. दुपारच्या विसाव्याला बाभळीखाली पाय पसरून बसलेली, टाचेच्या भेगांत तेल मुरवणारी म्हातारी वारीच्या सर्व प्रसिद्ध चित्रांहून अधिक वारी सांगते. पण तिच्यासाठी फलटणपर्यंत पायी जावे लागते.

मी हे शहाणपण जन्मतः घेऊन आलो नव्हतो. माझ्याही हातून दोन मोठ्या चुका घडल्या, आणि दोन्ही महाग पडल्या. पहिली काशीची. थंडीत तीन दिवसांसाठी गेलो, रीतसर पहाटेची होडी केली, नावाड्याने पिशवीतून शेव काढून पाण्यावर फेकली, पाणपाखरांचा थवा त्यावर झेपावला, मागे धुक्यातून तांबडा सूर्य वर आला, आणि मी धन्य झालो. होडी वळली तेव्हा शेजारून तशाच आणखी सहा होड्या चालल्याचे दिसले; प्रत्येकीत एक नावाडी, एक शेवेची पिशवी आणि एक धन्य झालेला इसम. आठशे छायाचित्रे घेऊन परतलो. त्यांतली दहा आज डोळ्यांसमोर आणू गेलो तर ती मी काढलेली की दुसऱ्या कोणाची पाहिलेली, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

दुसरी चूक राजस्थानातली. एका सहल-व्यवस्थापकाने खास छायाचित्रकारांसाठी म्हणून काढलेल्या सफरीत मी पैसे भरून सामील झालो. वाळवंटातल्या एका वस्तीवर आम्हा अकरा जणांना अर्धवर्तुळात उभे करण्यात आले. तांबड्या पागोट्याचा, पांढऱ्या मिशांचा एक रुबाबदार गृहस्थ उंट धरून समोर आला. एका पोराने ओला पाला पेटवून धूर केला, दुसऱ्याने पायाने वाळू उधळली, आणि धुराधुळीतून उन्हाचे पट्टे उतरू लागले तसे अकरा कॅमेरे एकदम कडाडले. काम आटोपल्यावर त्या गृहस्थाने पागोटे उतरवून घडी करून पिशवीत ठेवले, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि व्यवस्थापकाकडून रोजंदारी मोजून घेतली. त्याचे मला वाईट वाटले नाही, घामाचे पैसे होते ते. वाईट वाटले ते अकरा जणांचे, कारण त्यांपैकी एकानेही त्या रुमालातल्या माणसाचे छायाचित्र काढले नाही. मीही नाही.

आता प्रकाशाविषयी, कारण स्थळनिवडीचे निम्मे गणित तेथे आहे आणि ते बहुधा विलायती पुस्तकांतून चुकीचे शिकले जाते. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास सोन्याचा, असे ती पुस्तके सांगतात. सांगणाऱ्यांच्या देशात ते खरेही आहे, कारण उत्तरेकडे सूर्य क्षितिजावर तिरका घसरत उतरतो. साधारण १८.५ अक्षांशावरच्या आपल्या पुण्याला तो जवळजवळ सरळ खाली जातो. क्षितिजापासून सहा अंशांपर्यंतचा जो मऊ, लांब सावल्यांचा प्रकाश, तो विषुवदिनाच्या सुमारास लंडनला सुमारे ४० मिनिटे टिकतो, तर आपल्याकडे उणीपुरी २५ मिनिटे. त्यानंतरची सांजही अशीच घाईने मिटते. मेच्या मध्यास तर पुण्यात भर दुपारी सूर्य ऐन माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुंध्यात नाहीशी होते. त्या दिवसांत सकाळी साडेआठनंतर माणसाच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी तेवढ्या उमटतात. उलट डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढत नाही, म्हणून पौषात दहा वाजेपर्यंत खुशाल काम करावे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्या स्थळाजवळ रात्री पाठ टेकायला जागा नाही, जेथे पहिली गाडी साडेनवाला पोहोचते, ते स्थळ कितीही नामांकित असले तरी आपल्या कामाचे नाही; आणि ज्या आडगावच्या देवळाच्या ओवरीत पुजाऱ्याच्या अनुज्ञेने सतरंजी पसरता येते, ते आहे.

काळ हाच स्थळाचा प्राण कसा असतो याचा निर्वाळा पाहावयाचा असेल तर कोल्हापूरचा किरणोत्सव पाहावा. अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ या तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळतीचे किरण महाद्वारातून शिरून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि चरणांपासून मुखापर्यंत क्रमाने चढतात. ज्याने कोणी हे देऊळ बांधले त्याने दगडाइतकाच प्रकाशही मोजून बसवला होता. अलीकडे वाटेतल्या इमारतींचा आणि हवेतल्या धुरकटपणाचा किरणांना अडसर होतो, काही वर्षी ते मुखापर्यंत जातच नाहीत, आणि जमलेली मंडळी हळहळून परततात. मला स्वतःला त्या हळहळीतही काही गैर वाटत नाही. जे ठरल्या दिवशी हमखास दिसते त्याची तिकिटे निघतात; जे दिसेल की नाही याची शाश्वती नसते त्यासाठी माणूस पुढल्या वर्षी पुन्हा येतो.

पुन्हा येण्यावरून मला अजिंठ्याच्या रॉबर्ट गिलची आठवण होते. मद्रासच्या लष्करातला हा अंमलदार १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमाने लेण्यांतल्या चित्रांच्या नकला उतरविण्यासाठी त्या दरीत आला, आणि काम संपवून परत जाण्याचे त्याला जमलेच नाही. १८७९ साली तो वारला तो त्याच मुलखात, आणि पुरला गेला भुसावळास. वर्षानुवर्षे खपून त्याने रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता, आणि त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. त्या काळी काचेवर ओले रसायन ओतून, ते वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन, लगोलग काळोख्या राहुटीत ती काच धुवावी लागे. म्हणजे छायाचित्रासाठी जागा निवडताना पहिला प्रश्न असे तो जवळपास पाणी आहे की नाही हा, दुसरा राहुटी कोठे ठोकावी हा, आणि देखावा तिसऱ्या क्रमांकाला. त्या मंडळींना नाइलाजाने एका जागी थांबावे लागे. आपल्याला कोणी थांबवत नाही, हीच आपली अडचण आहे. (अजिंठ्याला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे: अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, आत झगझगाटी दिव्याला सक्त मज्जाव आहे, आणि तिपाई लावावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आगाऊ घ्यावी लागते. एवढ्या साध्या चौकशीअभावी दोनशे मैलांवरून आलेली कुटुंबे फाटकाशी रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत.)

माझे स्वतःचे स्थळ कोणते, असे कोणी विचारील. ते पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, आणि त्याला देखणे म्हणण्याचे धाडस त्याचे रहिवासीही करणार नाहीत. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि मागे पाणी तुंबत गेले, त्या फुगवट्यात किती गावे गेली. त्या पाण्याच्या काठी भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि तेथून थोडे पुढे, इंदापूर तालुक्यातच, पळसदेवचे जुने गाव पाण्याखाली आहे. गाव वर नव्या जागी वसले. जुने पळसनाथाचे देऊळ मात्र तळ्याच्या पोटात राहिले. उन्हाळ्यात पाणी खूप उतरले की प्रथम त्याचे विटांचे शिखर वर येते, आणि दुष्काळी सालांत, चिखल वाळून पायवाट पडली की, अख्खे देऊळ उघडे होते. मग पुण्याकडच्या गाड्या येतात, शिखराची चित्रे निघतात, वळीव पडतो आणि सगळे पुसले जाते.

पहिल्या खेपेला मीही शिखरच काढून परतलो. दुसऱ्या खेपेला माघात गेलो तेव्हा देऊळ नव्हतेच. होते ते नुसते करड्या रंगाचे पाणी आणि त्यावर गुलाबी रेघ ओढल्यासारखे रोहित. मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींपैकी कितीतरी जण आता पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात. त्यांच्यातल्या एकाने मला इंजिन बंद करून वल्ह्याने हळूहळू नेले आणि म्हणाला, "लोक म्हणत्यात, जवळ घाला, उडवून दाखवा. पाखरू उडालं की त्याचं खाणं मोडतं. पन पैसं देणारा ऐकत न्हाई." उडत्या थव्याचे एक चित्र माझ्याही संग्रही आहे, ते कसे मिळाले हे मी त्याला सांगितले नाही.

तिसऱ्या खेपेला वैशाखात गेलो. तळ्याचा तळ भेगाळून त्याचे हातहातभर रुंदीचे तुकडे पडले होते, पायाखाली शिंपले कुरकुरत होते, आणि देवळाच्या दगडी अंगावर पाण्याच्या उतरत्या पातळीच्या रेघा होत्या, पातेल्यात दूध आटताना कडेला साईच्या उमटतात तशा, एकाखाली एक. सकाळची सव्वासहाची वेळ होती. शिखरावर प्रकाश चढत होता आणि माझी ती २५ मिनिटे सुरू झाली होती, इतक्यात मागून एक म्हातारबाबा काठी टेकीत आले व माझ्या शेजारी उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काठीने उजवीकडे दाखवून म्हणाले, "त्यो दगड दिसतोय न्हवं, त्याच्या पल्याड आमचं घर व्हतं. देव वर नेला, देऊळ ऱ्हायलं." आणि थोड्या वेळाने, "तुमच्या फोटूत आमचं घर येतंय का?"

येत नव्हते. मी शिखराला चौकटीत नीट बसवण्यासाठी उजवीकडची ती दगडांची ओबडधोबड रास काळजीपूर्वक बाहेर ठेवली होती. ती रास म्हणजे घराचे जोते, हे मला दोन खेपांत कळले नव्हते. म्हातारबाबांनी मग मला गाव दाखवले: ही वेस, हा पार, ही लोहाराची भट्टी, येथे पेवे होती. समोर चिखलाच्या भेगा आणि मधूनमधून घडीव दगडांच्या ओळी याखेरीज काही नसताना तो माणूस वळणे घेत चालत होता, भिंती होत्या तेथे वळसा घालून. त्याच्या त्या चालण्याचे चित्र मी काढले. ते फारसे सुबक नाही. प्रकाश केव्हाच कडक झाला होता. पण माझ्या आठशे काशीचित्रांची सर्व रास देऊनही ते मी विकणार नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: मग माणसाने लडाख पाहूच नये की काय, आपल्या तालुक्याबाहेर पाऊलच टाकू नये की काय? अवश्य टाकावे. दूरच्या मुलखाचे कुतूहल मेले तर छायाचित्रकार कशाला व्हावे? पण दूर जावयाचे तर साऱ्यांच्या सोईचा हंगाम टाळून जावे, सहा गावे करण्याऐवजी एकाच गावी आठ दिवस पथारी पसरावी, तेथली चार वाक्ये तरी बोलता येतील अशी तयारी करावी, आणि पहिले दोन दिवस कॅमेरा खोलीवर ठेवावा. एवढी फुरसत नसेल तर सहल करावी, खावेप्यावे, मुलाबाळांची चित्रे काढावीत. त्यात अप्रतिष्ठा काहीच नाही, उलट पंचवीस वर्षांनी घरातल्यांना पँगाँगच्या निळ्या पाण्यापेक्षा त्या पाण्याशी थंडीने कुडकुडत उभ्या असलेल्या आजीचेच चित्र हवे असते. आणि एक कारण निव्वळ आपल्या मनःशांतीपलीकडचे आहे. ज्या स्थळांची चित्रे फार फिरतात त्या स्थळांना त्याचा दंड भरावा लागतो. पश्चिम घाटातील जागतिक वारशाच्या २०१२च्या यादीत कास आले, तेव्हापासून त्या फुलांना लोकांपासून वाचविणे हेच तेथल्या ग्रामस्थांचे आणि वनखात्याचे मोठे काम होऊन बसले. आगाऊ नोंदणी आली, माणशी शुल्क आले, रोजच्या संख्येला मर्यादा आली. इतके करूनही फुलांत बसून छबी काढणारे महाभाग निघतातच. आणखी एक चित्र कासचे निघाले नाही तर कासचे काही अडणार नाही.

हे सर्व त्या संध्याकाळी मी भाच्याला सांगितले काय? नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला मामाचे व्याख्यान किती रुचते ते मला ठाऊक आहे. मी एवढेच म्हणालो की, यादीतले एकही नाव न घेता तू दिवाळीत पळसदेवला जाऊन ये, पाण्यातले जुने देऊळ आहे. पावसाळा नुकताच सरलेला, धरण काठोकाठ भरलेले, देऊळ पाण्याखाली गडप असणार, ही गोष्ट मी हेतुपुरस्सर लपवली. तो मोटारसायकलीने गेला आणि रात्री संतापून परतला. "मामा, तिथं काही नाहीये! नुसतं पाणी आहे!" मी म्हणालो, "अरे, मग पाण्याचा काढ." त्याने काढला होता एक: काठावर वाळत घातलेली जाळी, त्यांना तरंगण्यासाठी बांधलेल्या प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या, आणि पलीकडे काहीच नाही. "हे देऊळ वर येतं तरी कधी?" त्याने विचारले. मी त्याला वर्तमानपत्रातले धरणसाठ्याचे सदर दाखवले. उजनीची गंमत अशी की, उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यात पाणी उतरले की टक्केवारी शून्याखाली, उण्यात छापतात. देवळाची तिथी ती. क्रिकेटखेरीज ज्याने वर्तमानपत्राचे दुसरे पान उलटले नव्हते तो मुलगा त्या हिवाळ्यापासून रोज सकाळी ते सदर वाचू लागला, आणि वैशाखातल्या एका पहाटे, साडेपाचला, माझा फोन वाजला.

"मामा, उजनी मायनसमध्ये गेलं. निघू या का?"